विश्लेषण : लष्करी जीप घ्यायचीय? पत्र्याआधी कागद का तपासायचा?

'आर्मी ऑक्शनची जीप, फोर बाय फोर, कागद ओके, फिक्स रेट.' सोबत हिरव्या जीपचे चार फोटो. जुन्या गाड्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अशी जाहिरात आली की चौकशीचे मेसेज लगेच सुरू होतात. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात जीपचे आकर्षण वेगळेच. तहसीलदारांची असो की बीडीओंची, सरकारी गाडी कुठल्याही कंपनीची असली तरी गावात ती 'जीप'च असते. मात्र ही हौस फोटोवर भागत नाही. गाडी पुन्हा उभी करणे सोपे, तिची आरसी उभी करणे अवघड, अशी परिस्थिती गेल्या काही वर्षांतल्या नियमांनी केली आहे.

'लष्करी' म्हणून नेमके काय मिळते?

जाहिरातीतली प्रत्येक जीप दुसऱ्या महायुद्धातली नसते. बहुतेक नसतातच. महायुद्धातली खरी जीप म्हणजे विलिज एमबी किंवा तिचीच जुळी, फोर्डने बनवलेली जीपीडब्ल्यू. दोन्ही मिळून सहा लाखांहून जास्त बनल्या. ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. पुढच्या जाळीत ९ उभ्या फटी, मागे उघडणारे फाळके नाही आणि स्टेपनी मागच्या बाजूला. युद्धानंतरच्या नागरी जीपला ७ फटी, मागे फाळके आणि स्टेपनी बाजूला. मूळ एमबीचे हेडलाइट बिजागरीवर उलटे फिरवता येतात, म्हणजे रात्री इंजिनचे काम करताना उजेड तिथेच पडतो. पेट्रोलची टाकी चालकाच्या सीटखाली असते. बॉडी त्या जागी सर्वात आधी गंजते, त्यामुळे सीट उचलून पाहिल्याशिवाय पुढचे बोलू नये.

भारतात जास्त दिसते ती उंच बॉनेटची सीजे-३बी. महिंद्राने मुंबईत विलिजच्या जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे हे मॉडेल वर्षानुवर्षे इथेच बनले. तिच्या इंजिनाची उंची जास्त, म्हणून बॉनेट वर गेले. तिसरी जोंगा. निसान पेट्रोलच्या परवान्यावर जबलपूरच्या सरकारी कारखान्यात ती बनायची, नावात जबलपूरही आहे. जवळपास ४ लिटरचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन असल्याने ताकद भरपूर आणि तहानही तेवढीच. त्यामुळे लष्करातून बाहेर पडलेल्या अनेक जोंगांना मालकांनी डिझेल इंजिन बसवले. पुढची अडचण याच इंजिनात आहे.

लिलावातून जीप मिळते का?

लष्कराच्या गाड्यांची नोंदणी आरटीओकडे नसते. नंबरप्लेटवर वर तोंड केलेला बाण आणि लष्कराचा स्वतःचा क्रमांक असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० नुसार अशी गाडी संरक्षणाच्या कामातून बाहेर पडली की तिची नागरी नोंदणी नव्याने करावी लागते. लिलावात घेतलेल्या गाडीच्या हस्तांतरासाठी नमुना ३२ हा वेगळा अर्ज आहे. म्हणून 'ऑक्शनची गाडी' म्हणणाऱ्याकडे तीन गोष्टी मागाव्यात : लिलावात गाडी कोणाला आणि कधी दिली याचे मूळ पत्र, त्यानंतरची नागरी आरसी आणि चॅसिस क्रमांकाचा पेन्सिल प्रिंट. 'ऑक्शन लेटर आहे, आरसी तुम्ही करून घ्या' असे उत्तर आले तर विकली जातेय ती गाडी नाही, भंगार आहे. तसाच भाव द्यावा.

गावाकडच्या जुन्या सरकारी जीपचा मार्ग तर जवळपास बंद झाला आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांपेक्षा जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी रद्द होते आणि ती अधिकृत स्क्रॅप केंद्रातच मोडावी लागतात. संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षेच्या मोहिमांतली चिलखती व विशेष वाहने यातून वगळली आहेत. पंचायत समितीच्या जीपला ती सूट नाही. पूर्वी निर्लेखनानंतर अशा गाड्या स्थानिक लिलावात निघत आणि एखादा मेस्त्री ती घेऊन चालू करत असे. तो पुरवठा आटल्यावर उरलेल्या गाड्यांचे भाव चढणार आणि बनावट जाहिरातींनाही जागा मिळणार. जवान असल्याचे भासवून, ओळखपत्राचा फोटो पाठवून, 'बदली झाली म्हणून स्वस्तात देतोय' सांगत टोकन उकळण्याचा प्रकार देशभर जुना आहे. गाडी समोर पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये.

हिंगोलीत कागद कुठे अडतो?

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. म्हणजे एमएच-३८ हा क्रमांक असलेली चाळीस-पन्नास वर्षांची जीप मूळची इथल्या नोंदणीची असूच शकत नाही. ती आणखी कुठून तरी आलेली असणार. एमएच ही अक्षरे येण्याआधीच्या गाड्यांवर तीन अक्षरांची जुनी मालिका होती. अशा गाड्यांच्या नोंदी मुळात रजिस्टरमध्ये आहेत. 'वाहन' पोर्टलवर क्रमांक टाकून काहीच आले नाही, तर व्यवहाराआधी मूळ कार्यालयात रजिस्टरची नोंद शोधून ती ऑनलाइन चढवून घेण्याचे काम विक्रेत्यावर टाकावे. पैसे दिल्यावर ते काम घेणाऱ्याच्या गळ्यात पडते.

परराज्यातली गाडी असेल तर ना हरकत प्रमाणपत्र लागते. हरियाणातल्या मंडी डबवालीची ख्याती जुन्या जीप नव्याने बांधून देण्यासाठी आहे. गाडी दिसायला देखणी असते, पण चॅसिस, बॉडी आणि इंजिन आरसीशी जुळते का, हाच प्रश्न. उत्पादकाने दिलेले मूळ स्वरूप बदलता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. इंजिन बदलायचे तर आधी परवानगी घेऊन आरसीवर नोंद करावी लागते.

'व्हिंटेज' नोंदणी फायद्याची?

जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरते. अट अशी की चॅसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरबदल नको. डिझेल इंजिन बसवलेली जोंगा इथेच बाद होते. शिवाय मोजणी नोंदणीच्या तारखेपासून आहे. लष्करात वीस वर्षे राबून मग नागरी नोंदणी झालेली जीप कागदावर तेवढीच तरुण दिसते.

नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत १० वर्षे. नंतरच्या पुनर्नोंदणीला ५ हजार. मूळ क्रमांक ठेवता येतो, नवा घेतल्यास त्यात 'व्हीए' ही अक्षरे येतात. पण ही गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्तीसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला मनाई आहे. हिंगोलीहून वसमतच्या हळद बाजारात चक्कर मारायची तर ही नोंदणी कामाची नाही.

दुसरा मार्ग साध्या आरसीचे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांपेक्षा जुन्या हलक्या मोटारीला त्यासाठी १० हजार रुपये फी आहे. दोन्हीकडे हिशेब सुरुवातीला वर्षाला २ हजारांचाच पडतो. साध्या आरसीत पर्यावरण कर आणि दर वेळची तपासणी वाढते, पण गाडी चालवता येते. चालवण्यासाठी जीप घेणाऱ्याने 'व्हिंटेज' शब्दाच्या मोहात पडण्याचे कारण नाही.

हिरवा रंग का नको?

जाहिरातीतला हिरवा रंगच नियमात बसत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण विभागाच्या वाहनांना वापरता येतो. हौसेने तोच रंग, बाणाची खोटी पाटी आणि तुकडीचे चिन्ह लावणारा अडवला गेला तर 'मूळ रंग हाच होता' हे कारण उपयोगी पडत नाही. आरसीवर जो रंग, तोच गाडीवर असायला हवा.

दुरुस्तीत खर्च कुठे जातो?

इंजिन आणि गिअरबॉक्सचे काम जुना मेस्त्री करू शकतो. रचना साधी आहे, नागरी जीपचे बरेच सुटे भाग जुन्या बाजारात मिळतात. खर्च वाढतो तो फ्लोअर आणि चॅसिसच्या गंजावर. पुट्टी भरून रंग मारलेला पत्रा हाताने ठोकून आणि चुंबक लावून कळतो. मूळ एमबीची वायरिंग ६ व्होल्टची, बल्ब-बॅटरी सहज मिळत नाही, म्हणून अनेक जण १२ व्होल्ट करतात.

नवी डोकेदुखी इंधनाची. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. जुन्या गाडीतले रबरी पाइप, कार्ब्युरेटरच्या वॉशर आणि पंपाचा पडदा त्याने लवकर फुगतो किंवा चिरतो. इथेनॉल पाणी धरते, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या गाडीची लोखंडी टाकी आतून गंजते. इथेनॉल चालणारे पाइप बसवणे आणि गाडी जास्त दिवस उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करणे, हा उपाय स्वस्त आहे. एमबीत टाकी सीटखालीच असल्याने गळका पाइप फक्त मायलेज खात नाही.

दुरुस्त केलेल्या लष्करी जीपचा सौदा फसण्याला या देशात मोठी परंपरा आहे. १९४८ मध्ये काश्मीरमधल्या लढाईसाठी लंडनमधील उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांच्यामार्फत अशाच जीपची खरेदी झाली. पोहोचल्या त्या १५५, आणि त्याही वापरण्याजोग्या नव्हत्या. पैसे मात्र आधीच गेले होते.