पोस्टर लागलंय, आता पुस्तक काढा

एखाद्या कादंबरीवर सिनेमा येतोय असं जाहीर झालं की आपल्याकडे पहिली चर्चा रंगते ती नटांची. अमक्या भूमिकेत तमका शोभेल का, ही पोरगी त्या वयाची वाटते का. मग पोस्टर येतं, टीझर येतो, ट्रेलर येतो आणि दर वेळी नवा वाद सुरू होतो. यात वाईट काहीच नाही. सिनेमाची वाट बघण्यात मजा असते आणि ती घ्यावी. माझं सांगणं एवढंच आहे, की त्या काळात मूळ पुस्तक वाचून काढा. सिनेमा बघून आल्यावर नाही, त्याच्या आधी.

सिनेमानंतरही पुस्तक वाचता येतं, पण तेव्हा त्यातली माणसं आपण स्वतः घडवलेली नसतात. रवी जाधवांचा ‘नटरंग’ १ जानेवारी २०१० ला आला. त्यानंतर ज्यांनी आनंद यादवांची कादंबरी हातात घेतली, त्यांना गुणा कागलकर म्हणून अतुल कुलकर्णीच दिसतो. पैलवानी अंगाचा एक शेतमजूर तमाशाच्या वेडापायी नाच्या होतो. त्यासाठी या नटाने आधी अंग कमावलं आणि मग तेच अंग उतरवलं. काम इतकं जबर आहे, की तो चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही. पण ज्यांनी कादंबरी आधी वाचली होती, त्यांच्याजवळ त्यांचा स्वतःचा एक गुणाही आहे. कागलकडच्या बोलीतून ऐकू आलेला, आपल्या गावातल्या कुणाच्या तरी चणीचा. त्यांना सिनेमात दुसरा गुणा भेटला. त्यांना दोन मिळाले, बाकीच्यांना एकच.

मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’बद्दल तर हे मी हट्टाने सांगेन. आणीबाणीच्या दिवसांतला नववीतला मुकुंद जोशी, त्याचे दोस्त सुऱ्या, चित्रे आणि फावड्या, अर्धवट बांधलेल्या इमारतीत बसून त्यांचं येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींकडे बघणं. यातलं बरंचसं सुजय डहाके यांच्या चित्रपटात आहे आणि छान आहे. पण कादंबरी जोशी स्वतः सांगतो. त्याला आवडणारी शिरोडकर समोर आली की त्याच्या मनात एकामागून एक वाक्यं धावतात. तो हिशेब मांडतो, घाबरतो, स्वतःला दटावतो आणि तोंडातून बाहेर येतो तो एखादाच शब्द. वाचकाला आतलं सगळं ऐकू येतं. पडद्यावर मात्र ते नटाच्या चेहऱ्यावरून ओळखावं लागतं. पुस्तक वाचून गेलेल्या माणसाला त्या पोराच्या गप्प राहण्यात काय काय भरलंय ते ठाऊक असतं, म्हणून त्याला सिनेमाही जास्त दिसतो. घरात आठवी-नववीतली मुलं असतील, तर त्यांच्या हातात ही कादंबरी सिनेमाच्या आधी पडू द्या. त्या वयात ती जशी लागते, तशी पुढे लागत नाही.

लहान मुलांच्या आईवडिलांना एक वेगळी गोष्ट सुचवतो. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. पुस्तकात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत, बेचाळीस. आश्रमात प्रार्थना झाल्यावर श्याम मित्रांना रोज एक आठवण सांगतो, अशी मांडणीच आहे. म्हणजे हे पुस्तक मोठ्याने वाचण्यासाठीच जणू लिहिलंय. आचार्य अत्र्यांनी त्यावर काढलेल्या १९५३ च्या चित्रपटाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, वनमालाबाईंची आई आणि माधव वझे यांचा श्याम पिढ्यांच्या मनात बसले. सत्तर वर्षांनी, २०२३ मध्ये, सुजय डहाके यांनी तीच कथा पुन्हा पडद्यावर आणली आणि तीही काळ्या-पांढऱ्या रंगांत. दोन्ही मुलांना जरूर दाखवा. पण त्याआधी रोज जेवणं झाल्यावर टीव्ही बंद करून एकेक रात्र वाचा. सहा आठवड्यांत पुस्तक होतं. पायाला घाण लागू नये म्हणून अंघोळीनंतर आईला पदर पसरायला लावणारा श्याम ऐकला की मुलं मधेच थांबवून प्रश्न विचारतात. सिनेमागृहात त्यांना असा खेळ थांबवता येत नाही. हे प्रश्न घरात विचारले जाणं मला फार मोलाचं वाटतं.

आता दुसरी बाजू, आणि ती पुस्तकप्रेमींसाठी. पुस्तक वाचून गेलात म्हणजे अंधारात बसून ‘हे गाळलं, ते बदललं’ अशी यादी करू नका. शेजारच्याच्या कानात तर मुळीच कुजबुजू नका. सिनेमाला दोन-अडीच तास मिळतात, तेव्हा गाळावं लागणारच. बघायचं ते हे, की गाळून त्याने काय कमावलं. जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’ आठवा. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांमधून विजय तेंडुलकरांनी एक पटकथा बांधली. दोन जाडजूड कादंबऱ्यांतली माणसं एका चित्रपटात मावणं शक्य नव्हतं, मावलीही नाहीत. पण निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस सगळीकडे हिंडतो आणि त्याच्या नजरेतून आपण मंत्रालय, पक्ष, कामगार संघटना असं सगळं बघत जातो. शेवटी तो ज्या तऱ्हेने हसत सुटतो, ते हसू पडद्यावरच शक्य होतं.

‘जैत रे जैत’ हेही तसंच. गो. नी. दांडेकरांची कादंबरी ठाकरांच्या जगात, लिंगोबाच्या डोंगरात आणि राणीमाशीच्या वैरात आपल्याला नेते. १९७७ मध्ये पटेलांनी ती घेतली आणि ना. धों. महानोरांचे शब्द व हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत यांच्या बळावर गाण्यांतून सांगितली. कादंबरीत नसलेली ही गाणी कादंबरीशी बेइमान नाहीत. कथानायक नाग्याचा ढोल कागदावर वाजू शकत नव्हता, तो पडद्यावर वाजला. असा सिनेमा मूळ पुस्तकाशी शब्दाला शब्द लावून तपासणं हा अन्याय आहे.

ऐतिहासिक कादंबऱ्यांवरचे चित्रपट हा नाजूक विषय आहे आणि इथे मी थोडं कडक बोलणार आहे. लक्ष्मण उतेकरांचा ‘छावा’ १४ फेब्रुवारी २०२५ ला आला. तो संभाजी महाराजांवरच्या, शिवाजी सावंतांच्या त्याच नावाच्या कादंबरीवर आधारलेला. ट्रेलरमधल्या लेझीमच्या दृश्यावर आक्षेप आले आणि प्रदर्शनाआधीच ते दृश्य काढलं गेलं. पुढे महाराष्ट्रभर लोकांनी तो चित्रपट रडत बघितला. ती भावना खरी होती. पण सिनेमातला प्रसंग हा पुरावा नव्हे. कादंबरीही पुरावा नव्हे, ती एका प्रतिभावान लेखकाने रंगवलेली आहे. संभाजी महाराजांविषयी खरोखर आस्था असेल, तर वा. सी. बेंद्रे यांचं १९६० मध्ये प्रसिद्ध झालेलं चरित्र वाचा, कमल गोखले यांचा ‘शिवपुत्र संभाजी’ वाचा. बेंद्र्यांनी कितीतरी वर्षं कागदपत्रं धुंडाळून खोट्या आख्यायिका बाजूला सारल्या. ते काम न वाचता व्हॉट्सअ‍ॅपवर सिनेमातला फोटो टाकून एकमेकांशी भांडणं महाराजांनाही शोभत नाही आणि आपल्यालाही. पुढे असा कुठलाही चित्रपट जाहीर झाला, की कादंबरीबरोबर एक इतिहासाचं पुस्तकही घरी आणा.

थोड्या कामाच्या गोष्टी. घोषणा झाली म्हणजे सिनेमा आला असं नसतं. कादंबरीचे हक्क घेतले जातात, मुहूर्त होतो, आणि पैशांअभावी वर्षानुवर्षं पुढे काही होत नाही. त्यासाठी वाचन थांबवू नका, पुस्तक आजही दुकानात आहे. पोस्टरवर नटांची नावं वाचून झाली की खाली कथा, पटकथा, संवाद कुणाचे आहेत तेही वाचा. ‘आधारित’ लिहिलंय की ‘प्रेरित’, ते बघा. ‘प्रेरित’ असेल तर मूळ कथेपासून बरंच लांब जाण्याची मुभा त्यांनी घेतलीय असं समजून जा, म्हणजे अपेक्षाभंग होणार नाही. आणि श्रेयनामावलीत मूळ लेखकाचं नाव सापडलं नाही, तर विचारा. श्याम बेनेगलांचा ‘भूमिका’ हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ वरून आला आणि ‘चक्र’ जयवंत दळवींच्या कादंबरीवरून, हे आपल्याच कितीतरी लोकांना सांगावं लागतं.

पुस्तक विकतच घ्यायला हवं असं नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालू आहे आणि तुमच्या तालुक्यालाही एखादं वाचनालय असेलच. फक्त ट्रेलर गाजण्याच्या आधी जा. नंतर वाचनालयातली एकुलती एक प्रत महिनोन्‌महिने बाहेर असते.

आणि सिनेमा मराठी असेल तर पहिल्या शुक्रवार ते रविवारात बघा. दुसऱ्या आठवड्यात किती खेळ राहणार, ते त्या तीन दिवसांच्या गर्दीवर ठरतं. ‘ओटीटीवर येईल तेव्हा बघू’ म्हणत आपण घरी बसतो आणि मग सोमवारी सकाळी नऊचा एकच खेळ उरतो, ज्याला नोकरदार माणूस जाऊच शकत नाही. अशा वेळी थेटरवाल्याला दोष देऊन उपयोग नाही.

इंदूर, बडोदा, बेळगाव इथली मराठी माणसं आणि परदेशातली महाराष्ट्र मंडळं यांना तर एखादाच खेळ मिळवण्यासाठी आधी माणसं गोळा करावी लागतात. माझी त्यांना विनंती आहे, की त्या खेळाचं बुकिंग करताना मूळ पुस्तकाच्या दहा-वीस प्रतीही एकत्र मागवाव्यात, महिनाभर आधी. एखाद्या रविवारी चार जणांनी मिळून त्यातल्या दोन प्रकरणांचं अभिवाचन करावं. मराठी वाचता न येणारी तिथली मुलं निदान ऐकतील, आणि सिनेमाला येताना गोष्टीतली माणसं ओळखीची झालेली असतील.