दावा आमच्याच वयाचा

परवा बेळगावात आमच्या मराठी शाळेच्या बॅचचं गेट-टुगेदर झालं. आम्ही बहुतेक 2004 सालचे. महाराष्ट्राने सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात दाखल केला तोही 2004 मध्येच! आम्ही कॉलेजात पोचलो, दावा अजून तिथंच. 2025 च्या फेब्रुवारीत भाषेच्या वादातून दोन्ही राज्यांच्या बस थांबल्या, तेव्हा कोण कुठं अडकलं याचे किस्से रंगले. पुढाऱ्यांना शिव्याही घालून झाल्या. मग बाईंनी विचारलं, "उद्या तुमची पोरं कुठल्या शाळेत घालणार रे?" सगळे गप्प. मीसुद्धा.

मित्रांनो, 1 नोव्हेंबरच्या सायकल फेरीत आपण असतोच. पण कोर्टाची तारीख आपल्या हातात नाही, शाळेच्या पटावर नाव घालणं आहे. तो पटच रिकामा झाला, तर निकाल कुणासाठी मागायचा?