हेमंतचर्येत आतल्या वस्त्राचा विचार

हेमंत ऋतू लागला की आपल्या चिकित्सालयांत आणि औषधी दुकानांत च्यवनप्राश, अश्वगंधापाक, तीळतेल यांची मागणी वाढते. "वैद्य, थंडीसाठी काय घेऊ?" असे रुग्ण विचारतो, अंगात काय घालू, असे क्वचितच कोणी विचारतो. विचारलेच तर आपले उत्तर ठरलेले असते : आत सुती बनियन, वर लोकरीचा स्वेटर आणि कृत्रिम धाग्याचे काहीही नको. हे उत्तर मीही अनेक वर्षे दिले. घरात वावरणाऱ्या माणसासाठी ते आजही योग्य आहे. परंतु पहाटे टेकडी चढणाऱ्या वा हिमालयात पदभ्रमणास जाणाऱ्या व्यक्तीसाठी ते चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

हे मत होण्यास माझीच एक चूक कारणीभूत झाली. माझे एक रुग्ण, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, हिमाचल प्रदेशातील सरपासच्या पदभ्रमणास निघाले होते. ही खिंड सुमारे १३,८०० फूट उंचीवर आहे. कृत्रिम धाग्याच्या कपड्यांनी त्यांना कंडू होत असे, म्हणून मी जाड सुती बनियन आत घालण्यास सांगितले. परतल्यावर त्यांनी हकीकत सांगितली. बर्फातून चढताना बनियन घामाने चिंब झाले. वर पोचून सारे थांबले आणि वारा सुटला. दातावर दात आपटू लागले, बोटे इतकी बधिर झाली की जाकिटाची चेन लावता येईना. वाटाड्याने त्यांना खडकाच्या आडोशास नेऊन ओले बनियन काढायला लावले व स्वतःजवळचा कोरडा लोकरी सदरा दिला. "औषधांची तक्रार नाही वैद्य, पण त्या बनियनने घात केला," एवढेच ते म्हणाले.

यामागील कारण सोपे आहे. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. कापूस घाम शोषतो खरा, परंतु तो धरून ठेवतो व लवकर वाळत नाही. भिजलेल्या सुती कापडातील हवेची जागा पाणी घेते आणि ते वस्त्र शरीराची ऊब बाहेर नेऊ लागते. शीत आणि चल हे वायूचे गुण आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. ओले वस्त्र आणि वारा यांच्या संयोगात ते दोन्ही एकाच वेळी त्वचेला भिडतात. म्हणून आतल्या वस्त्राचे पहिले काम त्वचा कोरडी ठेवणे हे आहे. ऊब धरण्याचे काम त्यावरील स्वेटरचे आणि वारा अडवण्याचे काम सर्वांत वरच्या जाकिटाचे.

येथे ग्रंथांचा आधार मागितला जाईल, आणि तो मागावाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात हेमंतासाठी जड व उष्ण वस्त्रे सांगितली आहेत. अष्टांगहृदयाच्या तिसऱ्या अध्यायात वाग्भट मात्र स्वभावतः उष्ण परंतु लघु अशा आच्छादनाचा निर्देश करतात. कौशेय, म्हणजे रेशीम, दोघांनाही मान्य आहे. मात्र हे दोन्ही निर्देश शय्या-आसनांच्या अनुषंगाने आलेले आहेत. घाम गाळत गड चढून वाऱ्यात थांबणाऱ्या माणसाचा विचार तेथे नाही, तो आपल्यालाच करावा लागेल. आणि तो करताना मला वाग्भटांचा 'लघु' हा शब्द अधिक उपयोगी वाटतो.

पुण्याची थंडी ती काय, असे म्हणणारेही आहेत. याच शहरात १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांवर उतरला होता. तेवढी थंडी नित्याची नसली तरी रविवारी पहाटे आतकरवाडीतून सिंहगड चढणाऱ्यांची अवस्था पाहावी. तासाभराच्या चढणीने पाठ भिजते आणि तशाच अंगाने मंडळी वाऱ्यात बसून पिठले-भाकरी व मडक्यातले दही खातात. सोमवारी मन्यास्तंभ वा प्रतिश्याय घेऊन आपल्याकडे येतात आणि दोष दह्याला देतात. हेमंतात दही निषिद्ध नाही. माझा संशय बनियनवर आहे.

मग सुचवावे काय? बारीक धाग्याची मेरिनो लोकर सर्वांत उत्तम. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के आर्द्रता शोषूनही फारशी ओली लागत नाही व भिजल्यावरही बरीच ऊब राखते. ती महाग आहे, हे मान्य. आपल्या धनगरांचे घोंगडे हीही लोकरच, परंतु जाड धाग्याची. ते वरून पांघरण्याचे, त्वचेलगतचे नव्हे. कंडू असणाऱ्यांना पातळ रेशीम मानवते. खेळाडू वापरतात तो पॉलिएस्टरचा अंगालगत बसणारा सदरा स्वस्त असतो आणि चटकन वाळतो. त्याला दुर्गंधी लवकर येते आणि शेकोटीजवळ तो वितळू शकतो, एवढे सांगून ठेवावे. नैसर्गिक ते पथ्यकर, हा न्याय आपण तरी लावू नये. वत्सनाभही नैसर्गिकच आहे.

औषधी दुकानदार बंधूंना एक विनंती. कानटोप्या, गुडघ्याचे पट्टे यांच्याबरोबर आपण 'थर्मल'ही विक्रीस ठेवता. त्यांतील बरेच कापूस-मिश्रित असतात. घरात ते उत्तम. चढणीसाठी मागणाऱ्या गिऱ्हाईकाला मात्र लेबल वाचून दाखवावे. ज्याला नवीन काही घेणे शक्य नाही त्याने पिशवीत एक कोरडे बनियन न्यावे आणि वर पोचताच, घाम निवण्यापूर्वी, बदलावे. याला काहीच खर्च नाही.

अभ्यंगाविषयीही सांगितले पाहिजे. पहाटे अंगाला तेल चोळून त्यावरच गरम कपडे चढवून फिरायला निघणारे पुष्कळ आहेत. तेलाने माखलेले वस्त्र घाम नीट बाहेर सोडत नाही. वाग्भटांनीही हेमंतात अभ्यंग-व्यायामानंतर कषायद्रव्यांनी स्नेह काढून स्नान सांगितले आहे. तेव्हा तेल फिरून आल्यावर लावावे, मग स्नान करावे.

माझ्या केसपेपरवर 'व्यायाम' या रकान्याखाली आता 'आतील वस्त्र' असा रकाना आहे. काही रुग्ण तो पाहून हसतात. सरपासचे ते गृहस्थ पुढील वर्षी पुन्हा हिमालयात गेले, ते दोन पातळ लोकरी सदरे घेऊन. सुती बनियनही त्यांनी नेले होते, तंबूत झोपताना घालायला.