संवादकौशल्य की शरमेचे शिक्षण?

‘व्यावसायिक जीवनासाठी मानसशास्त्र व संवादकौशल्ये’ या विषयाला आमचा विरोध नाही. विरोध आहे तो त्याच्या आकुंचित अर्थाला. संवाद म्हणजे इंग्रजी मुलाखतीची पाठ केलेली उत्तरे आणि मानसशास्त्र म्हणजे ‘सकारात्मक राहा’ हा उपदेश, अशी समजूत रूढ झाली आहे. तिचा फटका भोर-वेल्ह्यासारख्या डोंगरी भागातील विद्यार्थ्यांना अधिक बसतो.

वास्तविक भोर हे पंतसचिवांचे संस्थान. ते १९४८ साली विलीन झाले. अष्टप्रधानांतील सचिवाचे एक प्रमुख काम म्हणजे राजपत्रे तपासून त्यांतील चुकलेला मजकूर सुधारणे. कारभारातील भाषेचे मोल या भूमीला कोणी नव्याने शिकवण्याची गरज नाही.

वाडीवस्तीवरून आलेली विद्यार्थिनी उद्या परिचारिका होईल, शिक्षिका होईल. समोरचा माणूस आपले दुखणे तिला मराठीतच सांगेल. त्याने न सांगितलेले ओळखणे हे मानसशास्त्र आणि त्याला उमजेल असे बोलणे हे संवादकौशल्य. ॲरिस्टॉटलनेही वक्तृत्वाच्या विवेचनात श्रोत्याच्या भावनांचा सविस्तर विचार केला, तो उगाच नव्हे. अशा वेळी तिची बोलीच दोष ठरवणे म्हणजे तिचे भांडवल हिरावून घेणे होय.

मराठी विभागांनी हा विषय हक्काने मागून घ्यावा. अन्यथा आपण हसतमुख, पण मुके पदवीधर घडवत राहू.