ग्रिडच्या नोंदींनाही एकच भाषा हवी

ब्रिटनहून आलेल्या पाहुण्याच्या रिपोर्टवर उपाशीपोटीची साखर ‘७’ दिसली तर घाबरू नका. तिकडे साखर मिलिमोलमध्ये मोजतात. आपल्या हिशेबात ती १२६ मिलिग्रॅम होते. आकडा बरोबर असतो, पण एकक लक्षात घेतले नाही तर उपचार चुकतात. देशभर पसरलेल्या वीजवाहिन्यांच्या जाळ्यालाही, म्हणजे ग्रिडलाही, असाच धोका असतो.

४ नोव्हेंबर २००६ च्या रात्री जर्मनीतील एम्स नदीतून एक मोठे प्रवासी जहाज जाणार होते. त्यासाठी नदीवरची उच्चदाबाची वाहिनी बंद केली गेली आणि तिचा भार इतर वाहिन्यांवर आला. त्यांतल्या एका वाहिनीची दोन टोके दोन कंपन्यांकडे होती. वाहिनी किती भार सोसेल, याच्या सुरक्षा मर्यादा दोन्हीकडे वेगळ्या होत्या आणि पलीकडची कमी मर्यादा अलीकडच्या कंपनीला ठाऊक नव्हती. भार हलका करण्यासाठी घाईने केलेला बदल उलटला, ती वाहिनी तुटली आणि पाठोपाठ इतरही. युरोपचे ग्रिड तीन तुकड्यांत विभागले गेले. सुमारे दीड कोटी घरांची वीज गेली.

अशी माहिती एकसारखी मांडण्यासाठी ‘कॉमन इन्फर्मेशन मॉडेल’ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. वाहिनी, ट्रान्सफॉर्मर, ब्रेकर यांची क्षमता आणि मर्यादा कशा नोंदवायच्या, हे त्यात ठरलेले असते. मग सॉफ्टवेअर कोणाचेही असो, अर्थ एकच निघतो. युरोपातील वीजवाहक कंपन्या आता त्यावर आधारलेल्या नमुन्यात आपल्या ग्रिडची माहिती एकमेकांना देतात.

डॉक्टरने यात का पडावे? १२ ऑक्टोबर २०२० रोजी, ऐन कोविडच्या काळात, मुंबईची वीज गेली. तिची कारणे वेगळी होती. पण रुग्णालयात जनरेटर असतो, घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेल्या आजोबांकडे नसतो, हे अशा वेळी कळते. जनरेटर हा प्रथमोपचार आहे. ग्रिड न कोसळणे हा प्रतिबंध.

३१ डिसेंबर २०१३ पासून आपल्या देशाचे पाचही विभाग एकाच ग्रिडमध्ये जोडलेले आहेत. त्यात सरकारी कंपन्या आहेत, खासगी आहेत, रोज नवे सौर आणि पवन प्रकल्प येत आहेत. जोडणी देतानाच सामाईक मानकातली नोंद सर्वांना सक्तीची हवी. नुसता नमुना भरून भागणार नाही. चुकीचा रक्तगट सुबक छापील फॉर्मवर लिहिला तरी चुकीचाच राहतो. म्हणून मर्यादा बदलली की नोंद त्याच दिवशी बदलावी आणि शेजारच्या कंपनीने ती पडताळावी.

अशी माहिती उघडी पडेल, हा आक्षेप रास्त आहे. पण रुग्णाची फाइल गोपनीय असते, तरी उपचार करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला ती वाचता यावीच लागते. ग्रिडचेही तसेच आहे. हा खर्च वीजखात्याचा म्हणून टाळू नये. तो आरोग्यावरचाही खर्च आहे.