श्री ठाणेदार
श्रीनिवास ऊर्फ श्री ठाणेदार (जन्म : २२ फेब्रुवारी १९५५) हे भारतीय वंशाचे अमेरिकन उद्योजक व डेमोक्रॅटिक पक्षाचे राजकारणी आहेत. जानेवारी २०२३ मध्ये ते मिशिगन राज्याच्या १३व्या मतदारसंघातून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे सदस्य झाले.

पूर्वायुष्य
ठाणेदार यांचा जन्म चिकोडी येथे झाला. तेव्हा मुंबई राज्यात असलेले हे गाव १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेले. बेळगावातील मराठीभाषक, बेताच्या परिस्थितीच्या कुटुंबात ते वाढले. मुंबई विद्यापीठातील शिक्षण व भाभा अणुसंशोधन केंद्रातील नोकरीनंतर १९७९ मध्ये ते अमेरिकेस गेले आणि १९८२ मध्ये अ‍ॅक्रन विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांना मिळाली. १९९१ मध्ये त्यांनी सेंट लुईस येथील केमिर ही प्रयोगशाळा ७५,००० डॉलरांना विकत घेतली. कर्जाच्या आधारे वाढवलेला हा उद्योग २०१० मध्ये त्यांच्या हातून गेला. पुढे त्यांनी मिशिगनमध्ये अ‍ॅव्होमीन ही कंपनी उभारली. 'ही श्रीची इच्छा' हे त्यांचे मराठी आत्मचरित्र आहे.

राजकीय कारकीर्द
२०१८ मध्ये राज्यपालपदाच्या पक्षांतर्गत निवडणुकीत ते तिसरे आले. मात्र डेट्रॉईट शहरात त्यांना सर्वाधिक मते मिळाली. २०२० मध्ये ते राज्य विधानमंडळावर निवडून आले. २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहासाठीच्या पक्षांतर्गत लढतीत नऊ उमेदवार होते. त्यांत सुमारे २८ टक्के मतांवर ठाणेदार विजयी झाले. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्याविरुद्ध महाभियोगाचा ठराव मांडला. स्वपक्षीयांच्या विरोधानंतर त्यावर मतदान घेण्याचा आग्रह मात्र त्यांनी सोडला.

विश्लेषण
ठाणेदार यांच्या विजयाकडे महाराष्ट्रात व सीमाभागात अभिमानाने पाहिले गेले. डेट्रॉईटमध्ये त्याचा अर्थ वेगळा होता. कृष्णवर्णीयांचे बहुमत असलेल्या या शहरास १९५५ पासून प्रथमच प्रतिनिधिगृहात कृष्णवर्णीय सदस्य उरला नाही. त्यामागे मतविभागणी हे प्रमुख कारण होते. सर्वाधिक मते मिळवणारा विजयी ठरतो आणि दुसरी फेरी होत नाही, ही पद्धत भारतीय मतदारांच्याही परिचयाची आहे. प्रचारात ठाणेदार यांनी स्वतःचे लक्षावधी डॉलर खर्च केले, यावरही टीका झाली. दारिद्र्य स्वतः अनुभवलेला प्रतिनिधी, ही समर्थकांची बाजू आहे. २०२४ च्या पक्षांतर्गत लढतीत त्यांना निम्म्याहून अधिक मते मिळाली. तथापि प्रमुख प्रतिस्पर्धी अ‍ॅडम हॉलियर यांची उमेदवारी पुरेशा वैध सह्यांअभावी आधीच बाद झाली होती. त्यामुळे प्रतिनिधीचे मतदारांशी नाते वंशाने जुळते, समान अनुभवाने की कामाने, हा २०२२ मधील प्रश्न त्या निकालानेही पूर्णपणे सुटला नाही.