हाताशीं काय ठेवावें?

मुळशी तालुक्यांतील महाळुंगे हें मुळा नदीच्या कांठचें गांव. २०२१ सालीं तें पुणें महापालिकेच्या हद्दींत आलें. नदीपलीकडे हिंजवडीचें संगणक-नगर पसरलें असल्यामुळें या भागांत एखादा मुलगा, सून किंवा नात त्या धंद्यांत नाहीं असें घर विरळा. ही मंडळी आपसांत बोलूं लागली म्हणजे 'मेमरी पुरत नाहीं' असे उद्गार कानीं पडतात, आणि वडीलधाऱ्यांस वाटतें कीं, हा विषय आपल्या आवाक्याबाहेरचा. वस्तुतः तसें नाहीं. ज्या घरांत दोन्ही वेळां पंधरा पानें मांडलीं जातात, त्या घरच्या गृहिणीस हा प्रश्न पूर्वापार ठाऊक आहे : हाताशीं काय ठेवावें, आणि कोठीच्या खोलींत काय?

संगणकाची स्मृति एकजिनसी नसते. तिचे थर असतात. प्रोसेसरच्या पोटांतच थोडीशी अतिजलद स्मृति असते, तिला कॅश म्हणतात. हा जणू मिसळणाचा डबा. तिच्याबाहेर मुख्य स्मृति, म्हणजे डीरॅम. हें चुलीजवळचें फडताळ. येथून एखादी गोष्ट आणावयास सुमारें शंभर नॅनोसेकंद लागतात. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जांश. अलीकडे याहून दूरचा एक थर निघाला आहे. २०१९ सालीं सीएक्सएल नांवाचें जोडणीचें प्रमाण ठरलें. त्याच्या आधारें यंत्रास आणखी स्मृति बाहेरून जोडतां येते. तेथून माल आणावयास साधारणपणें दीडपट ते अडीचपट वेळ लागतो. ही झाली कोठीची खोली. 'सगळेंच फडताळांत कां ठेवूं नये?' असें कोणी विचारील. उत्तर सोपें आहे : फडताळांत जागा मर्यादित, आणि मोठ्या सर्व्हरच्या किंमतींत स्मृतीचा वाटाच फार मोठा असतो.

हा प्रश्न आपल्या पुण्यासही नवा नाहीं. १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनें डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. त्यांत ट्रान्सप्यूटर नांवाचे प्रोसेसर होते. प्रत्येकाच्या पोटांत अवघी चार किलोबाइट, म्हणजे रोमन लिपीचीं ४,०९६ अक्षरें मावतील एवढीच जलद स्मृति असे, बाकीची बाहेर. त्या चिमुकल्या जागेंत काय ठेवावें, हें प्रोग्रॅम रचणाराच्या चातुर्यावर अवलंबून असे. आज एका सर्व्हरमध्यें एक टेराबाइट स्मृति असणें ही नवलाई राहिली नाहीं. चार-चार किलोबाइटांचीं पानें पाडलीं तर त्याचीं २६ कोटि ८४ लाख पानें होतात. एवढ्या डब्यांची व्यवस्था कोणत्याही चतुर माणसास हातानें करतां येणार नाहीं. ती यंत्रानेंच केली पाहिजे, आणि त्यासाठीं कोणतें पान किती लागतें याची मोजणी हवी.

मोजणीची जुनी रीति अशी. प्रत्येक पानास एक खूण असते. पानास हात लागला कीं ती उमटते. व्यवस्थापक ठराविक वेळानें फेरी मारून उमटलेल्या खुणा पाहतो आणि पुसून टाकतो. सकाळीं सर्व डब्यांच्या झांकणांवर रांगोळीची चिमूट ठेवावी आणि कोठें विस्कटली तें संध्याकाळीं पाहावें, तसेंच हें. यांत दोन उणीवा आहेत. मिठाचा डबा वीस वेळां उघडला आणि केशराची डबी एकदांच, तरी खूण सारखीच दिसते. शिवाय कोट्यवधि डब्यांभोंवतीं फेरी मारण्यांतच दिवस सरतो.

येथें प्रोसेसरमधील गणक उपयोगी पडतात. १९९३ च्या पेंटियम प्रोसेसरमध्यें असे दोन गणक होते. आतां पुष्कळ असतात. मिसळणाच्या डब्यांत वस्तु न सांपडल्यामुळें फडताळाकडे किती वेळां जावें लागलें, अशा घटना ते मुकाट्यानें मोजतात. पुढें त्यांत एक सोय झाली : अमुक इतक्या घटना झाल्या कीं, त्या क्षणीं कोणत्या पत्त्यावरील वस्तु मागितली होती, याची नोंद प्रोसेसर स्वतःच करून ठेवतो. प्रत्येक घटना टिपणें नको. मधून मधून एक नमुना पुरे. आपल्या शास्त्रकारांचा स्थालीपुलाकन्याय तो हाच. मुळशी-मावळचा आंबेमोहोर रांधणाऱ्या घरांत त्यालाच शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'हेमेम' या पद्धतींत पानांची निवड अशाच नमुन्यांवरून केली आहे.

परंतु न्याय लावतांना त्याची मर्यादा ध्यानांत ठेवावी. पातेल्यांतील भात सारखा शिजतो, म्हणून एक शित पुरतें. स्मृतीचीं पानें सारखीं नसतात. नमुने थोडे घ्यावे, तर क्वचित् लागणारीं पानें आणि मुळींच न लागणारीं पानें यांतला भेद कळत नाहीं; फार घ्यावे, तर मोजणीच कामाचा वेळ खाते. म्हणून २०२३ च्या 'मेमटिस' पद्धतींत मोजणीचा खर्च एका गणनकेंद्राच्या सुमारें तीन टक्क्यांपलीकडे जाऊं नये, अशा बेतानें नमुन्यांचें अंतर कमीजास्त करतात. शिवाय जुने आंकडे मधून मधून निम्मे करतात. नाहीं तर दिवाळींत चार दिवस राबलेला चकलीचा सोऱ्या त्याच पुण्याईवर शिमग्यापर्यंत फडताळ अडवून बसावयाचा!

येथवरचा विचार 'जें अधिक लागतें तें जवळ ठेवा' एवढाच आहे. २०२४ सालीं 'कोलॉइड' नांवाच्या संशोधनानें याच्या पुढचें पाऊल टाकलें. मोठ्या घरांत लागणारें सर्व कांहीं एकाच फडताळांत ठेवलें, तर तिघी सुना, दोघी लेकी आणि आजी एकाच वेळीं तेथें हात घालणार. मग फडताळ दोन हातांवर असूनही तेथें जेवढें थांबावें लागतें, त्याहून कमी वेळांत कोठीच्या खोलींतून जाऊन येतां येतें! जवळचें तें जलद, हें गर्दी नसेल तोंवरच खरें. ही वाट पाहण्याची वेळ मोजावी कशी? १९६१ सालीं जॉन लिटल यांनीं सिद्ध केलेला नियम त्यासाठीं आहे. रांगेंत सरासरी सहा जणी उभ्या असतील आणि मिनिटास तीन येऊन काम उरकून जात असतील, तर प्रत्येकीस सरासरी दोन मिनिटें लागतात. प्रोसेसरमधील गणक हेच दोन आंकडे देतात : किती मागण्या तिष्ठत आहेत, आणि किती येत आहेत. भागाकार केला कीं प्रत्येक थराचा खरा वेळ कळतो. फडताळाचा वेळ वाढूं लागला, तर नेहमीं लागणारीं कांहीं पानें मुद्दाम कोठीकडे धाडावयाचीं.

यांतला बोध केवळ यंत्रापुरता नाहीं. जें सहज मोजतां येतें तेंच आपण मोजतों, आणि मोजलेलें तेवढेंच महत्त्वाचें मानूं लागतों. किती वेळां हात लागला, हा एक प्रश्न. किती वेळ थांबावें लागलें, हा दुसरा. आणि खरा दुसरा. याखेरीज तिसरा एक प्रश्न असा आहे कीं, त्यास गणकापाशीं उत्तरच नाहीं. दम्याचें औषध घरांत महिन्यांतून एकदां लागत असेल, पण लागतें तेव्हां तत्क्षणीं हवें असतें. निव्वळ मोजणी त्यास माळ्यावर टाकील. म्हणून शहाणे संगणकतज्ज्ञ कांहीं पानें मोजणींतून वगळून, 'हीं येथून हलवावयाचीं नाहींत' अशी ताकीद देऊन ठेवतात. ती ताकीद कोणत्या पानांस द्यावयाची, हें मात्र घर जाणणाऱ्या माणसानेंच ठरवावें लागतें.